नव्या गाडीचा धूर जातो कुठे?



नंदुरबार जिल्ह्यातले धानोरा घ्या, नाहीतर तुमचे स्वतःचे गाव घ्या. आज गावात बैलगाडीच्या शेजारी पिकअप उभी दिसते. मिरची नंदुरबारच्या बाजारात न्यायची तर तीच, वऱ्हाड न्यायचे तर तीच आणि रात्री-अपरात्री बाळंतिणीला दवाखान्यात पोचवायचे तरी तीच. बहुतेकांनी ती कर्ज काढून घेतलेली असते. म्हणून गाडी जरा कमी ओढू लागली, समोरच्या पट्टीवर पिवळा दिवा लागला, की घरधन्याच्या पोटात गोळा येतो.

अशा वेळी चहाच्या टपरीवर एक सल्ला हमखास मिळतो. नव्या गाडीच्या सायलेन्सरात बोळा कोंबलेला असतो, तो कापून काढा. ईजीआरला पत्रा मारून ते बंद करा. मग बघा गाडी कशी पळते! काही जण तसे करूनही घेतात. हा सल्ला ऐकावा की नाही, हे ठरवण्याआधी तो "बोळा" काय आहे, तो काय काम करतो आणि इंजिनाच्या ताकदीतले खरोखर किती खातो, हे समजून घेतले पाहिजे. आज आपण तेच पाहू.

चूल आणि इंजिन

धुराची गोष्ट घरातल्या माउलींना जास्त चांगली ठाऊक आहे. चुलीत ओली लाकडे घातली, हवा कमी पडली, की धूर होतो आणि भांड्याचे बूड काळे होते. लाकडे वाळलेली असली, फुंकर नीट लागली, की जाळ स्वच्छ पेटतो. इंजिनातही हेच घडते. डिझेल आणि पेट्रोल हे मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन यांचे बनलेले असते. ते पूर्ण जळले तर कार्बन डायऑक्साइड वायू आणि पाण्याची वाफ तयार होते. हवा कमी पडली किंवा डिझेल नीट फवारले गेले नाही, तर काजळी, अर्धवट जळालेले इंधन आणि कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली माणसे ज्या वायूने दगावतात, तोच हा कार्बन मोनॉक्साइड.

इथवर चुलीशी साम्य आहे. पण इंजिनात आणखी एक गोष्ट घडते, ती चुलीत फारशी घडत नाही. आपल्या हवेत शंभरातले ७८ भाग नायट्रोजन असतो. एरवी हा नायट्रोजन कोणाच्या अध्यात ना मध्यात. परंतु इंजिनाच्या सिलिंडरमध्ये उष्णता १५०० अंशांच्या वर गेली, की तो ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात. आकाशात वीज चमकते तेव्हाही असेच होते. विजेने झालेले नायट्रोजनचे संयुग पावसाबरोबर शेतात उतरते व पिकाला लाभते. रस्त्यावर नाकासमोर येणारा हा वायू मात्र छातीला बाधतो. दम्याच्या माणसाला त्याचा त्रास अधिक होतो. शिवाय उन्हात त्यापासून जमिनीलगत ओझोन तयार होतो. तो ओझोन माणसाच्या फुफ्फुसाला वाईट आणि गव्हासारख्या पिकाच्या पानांनाही वाईट.

काजळीचे कण तर इतके बारीक असतात, की ते नाकातल्या केसांत अडकत नाहीत, थेट फुफ्फुसाच्या तळाशी जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर हा माणसात कर्करोग घडवणारा पदार्थ म्हणून नोंदवला.

आता यातली खरी गोम पाहा. काजळी कमी करायची तर इंजिनात भरपूर हवा आणि भरपूर उष्णता हवी. नायट्रोजनचे ऑक्साइड कमी करायचे तर उष्णता आणि ऑक्सिजन कमी हवा. एकाला खाली दाबावे तर दुसरे वर येते. इकडे आड, तिकडे विहीर! नव्या गाडीतली सगळी यंत्रे या एका अडचणीतून निघाली आहेत.

नियम कसे कडक होत गेले

आपल्या देशात २००० सालापासून युरोपच्या धर्तीवर धुराचे नियम लागू झाले. पुढे त्यांना "भारत स्टेज" असे नाव पडले. तिसरा टप्पा देशभर २०१० साली आला आणि चौथा २०१७ साली. पाचवा टप्पा गाळून १ एप्रिल २०२० पासून एकदम सहावा टप्पा लागू झाला. गाडीवाले त्यालाच "बीएस सहा" म्हणतात.

चौथ्या टप्प्यात डिझेलच्या मोटारीला दर किलोमीटरमागे ०.२५ ग्रॅम नायट्रोजनचे ऑक्साइड सोडण्याची मुभा होती. सहाव्यात ती ०.०८ ग्रॅमवर आली. काजळीची मुभा ०.०२५ ग्रॅमवरून ०.००४५ ग्रॅमवर आली, म्हणजे पाचपटीहून अधिक कमी. नुसते इंजिन नीट करून एवढा फरक पडत नाही. धूर इंजिनाबाहेर पडल्यावर तो धुऊन आणि गाळून घ्यावा लागतो.

पंपावरचे डिझेलही याच काळात बदलले. तिसऱ्या टप्प्यातल्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत ३५० भाग गंधक चालत असे. चौथ्यात ५० आणि सहाव्यात फक्त १० भाग. गंधक धूर धुणाऱ्या यंत्रांना विषासारखे असते, म्हणून आधी इंधन स्वच्छ करावे लागले.

गाडी या नियमात बसते की नाही, याची परीक्षा घेणारी एक मोठी संस्था आपल्या महाराष्ट्रातच आहे. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही १९६६ साली स्थापन झाली. तिथे गाडी मोठ्या रुळांवर उभी करून जागच्या जागी पळवतात आणि तिचा धूर नळीने ओढून घेऊन मोजतात. एखादे नवे मॉडेल विक्रीला येण्याआधी त्याला अशा परीक्षेतून जावे लागते.

पहिले यंत्र: उष्टी हवा परत पाजणारे

ज्या ईजीआरला पत्रा मारण्याचा सल्ला दिला जातो, ती एक झडप आहे. इंजिनातून बाहेर निघालेल्या धुराचा काही हिस्सा थंड करून ती पुन्हा इंजिनात सोडते. या उष्ट्या हवेत ऑक्सिजन कमी असतो. त्यामुळे जाळ थोडा मंदावतो, उष्णता उतरते आणि नायट्रोजनचे ऑक्साइड कमी बनतात. चुलीत जाळ फार झाला की आपण एखादे लाकूड बाहेर ओढतो, तसाच हा प्रकार.

मग याने ताकद जात नाही का? थोडा विचार करा. गाडी सपाट रस्त्याने अर्ध्या रेसवर चालली असते, तेव्हा इंजिनाला पूर्ण ताकद लागतच नाही. झडप मुख्यतः त्या वेळी उघडी असते. कोंडाईबारीचा घाट चढताना, किंवा धडगावकडे चांदसैलीच्या घाटात भरल्या गाडीनिशी तुम्ही पाय पूर्ण दाबता, तेव्हा इंजिनाचा संगणक ती झडप जवळपास मिटून घेतो. म्हणून चांगल्या स्थितीतली झडप चढावर तुमची ताकद खात नाही.

मात्र तिचा एक दोष खरा आहे. धुरातली काजळी आणि इंजिनातून येणारी तेलाची वाफ एकत्र होऊन हवेच्या नळीत डांबरासारखा थर धरतो. तो वाढला की झडप अडकते. कधी उघडी अडकली, तर चढावरही उष्टी हवा येत राहते. मग गाडी खरोखर ओढत नाही आणि काळा धूर फेकते. यावर उपाय एकच, झडप आणि नळी उघडून साफ करणे. घसा बसला म्हणून कोणी घशाला गाठ मारत नाही.

दुसरे यंत्र: काजळी अडवणारी चाळण

सायलेन्सरच्या पुढच्या भागात जो डबा असतो आणि ज्याला लोक बोळा म्हणतात, ती काजळीची चाळण होय. तिला डीपीएफ म्हणतात. आत मधाच्या पोळ्यासारखी चिनी मातीच्या जातीची हजारो बारीक भोके असतात. एक भोक पुढून उघडे व मागून बंद, शेजारचे पुढून बंद व मागून उघडे. त्यामुळे धुराला मधल्या सच्छिद्र भिंतीतून पाझरावेच लागते. वायू पार जातात, काजळी भिंतीवर बसते.

पिठाची चाळणी भरली की आपण ती झटकतो. ही चाळण झटकता येत नाही, तिच्यातली काजळी जाळावी लागते. महामार्गावर गाडी लांब चालली की धूर पुरेसा तापतो आणि काजळी आपोआप हळूहळू जळत राहते. तेवढे तापले नाही, तर संगणक स्वतः थोडे जास्त डिझेल सोडतो. चाळणीच्या तोंडाशी उष्णता ६०० अंशांच्या आसपास नेऊन तो साठलेली काजळी जाळून टाकतो. या कामाला काही मिनिटे लागतात. त्या वेळी जागेवर इंजिनाचा वेग किंचित वाढतो, पंखा जोरात फिरतो, तापल्याचा वास येतो.

या चाळणीमुळे ताकद किती जाते? धूर गाळून बाहेर काढायला इंजिनाला थोडा जोर लावावा लागतो आणि काजळी जाळायला थोडे डिझेल लागते. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण चाळण मोकळी असली, तर हा फरक चालकाला सहसा जाणवत नाही. चाळण तुंबली की मात्र धुराची कोंडी होते. मग इंजिन वाचवण्यासाठी संगणक त्याची ताकदच कापतो. गाडी ठरावीक वेगाच्या वर जात नाही, रेस दाबली तरी उठत नाही. बैलाच्या तोंडाला मुसके बांधावे तसे होते. लोकांना वाटते की गाडीच कमजोर आहे. वास्तविक ती तुंबलेली असते.

तिसरे यंत्र: युरियाचे पाणी

काही डिझेल गाड्यांत, विशेषतः मोठ्या ट्रकांत, डिझेलच्या टाकीजवळ निळ्या झाकणाची वेगळी टाकी असते. तिच्यात डीईएफ नावाचे पाणी भरतात. त्यात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी क्षारविरहित शुद्ध पाणी असते. हो, तोच युरिया, जो आपण पिकाला देतो!

हे पाणी तापलेल्या धुरात फवारले जाते. युरियापासून अमोनिया तयार होतो. गोठ्यात मूत्र साचले की डोळ्यांत जाणारा जो उग्र वास येतो, तोच हा अमोनिया. पुढच्या डब्यात अमोनिया आणि नायट्रोजनचे ऑक्साइड एकमेकांना भिडतात, आणि दोन्ही संपून साधा नायट्रोजन व पाण्याची वाफ उरते. या पद्धतीचा एक फायदा असा, की घाण इंजिनाबाहेर धुतली जात असल्यामुळे इंजिनाचा जाळ मोठा ठेवता येतो. त्यामुळे ताकद आणि अ‍ॅव्हरेज दोन्ही राखायला मदत होते.

इथे शेतकऱ्याच्या मनात एक विचार सहज येतो. घरात युरियाची गोणी आहे, विहिरीचे पाणी आहे, मग विकतचे डीईएफ कशाला? बंधूंनो, हा मोह टाळा. शेतीच्या युरियाला २०१५ पासून कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो. त्यात इतरही अशुद्धी असतात आणि विहिरीच्या पाण्यात क्षार असतात. या सगळ्याने फवाऱ्याची बारीक भोके बुजतात आणि पुढचा महागडा डबा निकामी होतो. शिवाय शेतीचा अनुदानित युरिया दुसऱ्या कामाला वापरणे हा गुन्हा आहे. डीईएफ नेहमी बंद डब्यातले आणि ताजे घ्या. नंदुरबारच्या उन्हाळ्यात ते उन्हात ठेवू नका, सावलीत ठेवा. टाकी रिकामी होऊ देऊ नका, कारण ती संपली की गाडी आधी सूचना देते, मग ताकद कापते आणि काही गाड्या बंद केल्यावर पुन्हा सुरूच होत नाहीत.

कंपनीनेच फसवले तेव्हा

धूर धुण्याचे ओझे इंजिनावर पडते का, या प्रश्नाचे उत्तर एका मोठ्या प्रकरणातून मिळते. ते आपल्या पुण्याशीही जोडलेले आहे. फोक्सवॅगन या जर्मन कंपनीचा कारखाना पुणे जिल्ह्यात चाकणला आहे. या कंपनीने डिझेल मोटारींच्या संगणकात एक चलाखी केली होती. गाडी प्रयोगशाळेच्या रुळांवर आहे, हे संगणक ओळखायचा आणि तेवढ्यापुरती धूर धुणारी यंत्रे पूर्ण चालवायचा. गाडी रस्त्यावर आली की तीच यंत्रे ढिली सोडायचा.

अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी मोजमापाचे यंत्र गाडीतच ठेवून ती रस्त्यावर चालवली, आणि रस्त्यावरचा धूर कागदावरच्या धुराशी जुळत नाही हे त्यांच्या ध्यानी आले. त्या चमूत अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पण्णा हे आपल्या देशात शिकलेले तरुण होते. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकी सरकारने जाहीर केले, की काही गाड्या मर्यादेच्या ४० पटीपर्यंत नायट्रोजनचे ऑक्साइड सोडत आहेत. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ही चलाखी होती.

भारतात पुण्याच्या त्याच संस्थेने तपासणी केली. काही मॉडेलांचा रस्त्यावरचा धूर तेव्हाच्या मर्यादेच्या १.१ ते २.६ पट भरला. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतातल्या सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने कंपनीला ५०० कोटी रुपयांचा दंड सांगितला. आपण भारतातले नियम मोडले नाहीत, असे म्हणत कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. एक, धूर धुण्याला काही किंमत मोजावी लागते, नाहीतर एवढ्या मोठ्या कंपनीला चलाखी करण्याची गरज पडली नसती. दोन, ती किंमत चुकवली तर तिचे बिल रस्त्याकडेच्या माणसाच्या छातीवर फाटते. १ एप्रिल २०२३ पासून आपल्याकडेही सहाव्या टप्प्याच्या गाड्यांची परीक्षा प्रयोगशाळेबरोबर खऱ्या रस्त्यावर घेण्याचा नियम लागू झाला.

कापून टाकले तर?

आता टपरीवरच्या सल्ल्याकडे वळू. चाळण कापली, ईजीआरला पत्रा मारला, संगणकातली सूचनाही कोणाकडून पुसून घेतली. तुंबलेली गाडी पहिले काही दिवस नक्कीच हलकी वाटेल, कारण कोंडी गेली. पण हाच हलकेपणा चाळण साफ करूनही मिळाला असता.

पुढे काय होते? गाडीतले मापक चुकीची माहिती देऊ लागतात आणि दिवे पुन्हा पेटतात. कंपनी वॉरंटी नाकारू शकते. कायद्यानेही हे गुन्ह्यात मोडते. परवानगी नसलेला असा बदल केल्याबद्दल मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. प्रदूषणाच्या नियमांचा भंग केल्यास १० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. गाडी विकायला काढाल तेव्हा जाणता गिऱ्हाईक किंमत पाडून मागेल, ते वेगळेच.

सर्वांत वाईट भाग घरच्या अंगणात घडतो. सकाळी गाडी ओट्यासमोर सुरू करून ठेवली जाते. तिथेच पोरे खेळतात, म्हातारी माणसे बसतात, मिरची वाळत असते. कापलेल्या गाडीची काजळी आधी त्यांच्या नाकात जाते.

जुनी पिकअप विकत घेणार असाल, तर एक सोपी परीक्षा लक्षात ठेवा. गाडी बंद आणि थंड असताना धुराच्या नळीच्या तोंडात पांढरे फडके फिरवा. सहाव्या टप्प्याच्या डिझेल गाडीची चाळण शाबूत असेल, तर फडके फारसे काळे होत नाही. दाट काजळी लागली, तर चाळण फुटलेली किंवा काढलेली आहे असा संशय घ्या आणि जाणत्या मिस्त्रीला दाखवल्याशिवाय इसार देऊ नका.

गावातल्या वापराची अडचण आणि उपाय

खरे दुखणे असे आहे, की या गाड्यांना लांबची चाल मानवते आणि गावात त्यांना जवळच्या खेपा कराव्या लागतात. घरापासून शेत, शेतापासून घर, मध्ये अर्धा तास इंजिन चालू ठेवून माल भरणे. अशाने धूर तापत नाही, काजळी जळत नाही आणि चाळण भरत जाते. जाळण्याचे काम सुरू झाले तरी मध्येच किल्ली फिरवली जाते. पुन्हा पुन्हा असे झाले, की जास्तीचे डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते आणि ऑइल पातळ होते. म्हणून पुढील पथ्ये पाळा.

१. गाडीची धाव जवळचीच असेल, तर दर आठ-पंधरा दिवसांनी ती मोठ्या रस्त्यावर २०-३० मिनिटे सलग एका चालीत चालवा. बाजाराची खेप त्या कामी येते. रिकामी चक्कर मारायची गरज नाही.

२. चाळणीचा दिवा लागला, तर दुर्लक्ष करू नका. सुरुवातीला बहुधा लांब चालीनेच तो विझतो. लाल दिवा लागेपर्यंत थांबलात, तर कारखान्यात यंत्राने साफ करावी लागते आणि नवी चाळण घालायची वेळ आली तर खर्च मोठा येतो.

३. काजळी जळत असताना सायलेन्सर भयंकर तापतो. अशा वेळी गाडी कडब्याच्या गंजीजवळ, वाळल्या गवतावर किंवा कपाशीच्या पऱ्हाटीवर उभी करू नका. एका ठिणगीत वर्षभराची वैरण जाऊ शकते.

४. इंजिन ऑइल पुस्तिकेत लिहिलेल्याच दर्जाचे घाला. साध्या ऑइलची राख जास्त पडते. काजळी जळून जाते, राख जळत नाही, ती चाळणीत कायमची साठते. ऑइलची कांडी पाहताना पातळी वाढलेली दिसली तर आनंद मानू नका. ते ऑइलमध्ये उतरलेले डिझेल असू शकते.

५. डिझेल पंपावरूनच घ्या. रॉकेलची भेसळ नको, गंजक्या पिंपातले डिझेल नको. नव्या इंजिनात डिझेल हजार बारच्याही वरच्या दाबाने फवारले जाते. टायरमधल्या हवेच्या दाबाच्या ते कित्येक शेकडो पट आहे. तिथे पाण्याचा थेंब किंवा गंजाचा कणही फवाऱ्याचा नाश करतो.

६. हवेची जाळी वेळेवर बदला. आपल्या भागातली धूळ बारीक आणि भरपूर. हवा कमी पडली की काजळी वाढते, आणि काजळी वाढली की बाकीची सगळी यंत्रे थकतात.

ट्रॅक्टर आणि फटफटी

ट्रॅक्टरचे नियम वेगळे आहेत. ५० अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून कडक टप्पा लागू झाला. आपल्याकडचे बहुतेक ट्रॅक्टर त्याहून लहान किंवा जुने आहेत आणि त्यांच्यात चाळण नाही. म्हणून त्यांचा धूर डोळ्यांनी वाचायला शिका. नांगरताना ट्रॅक्टरने काळा धूर सोडला की काही जणांना ती ताकदीची खूण वाटते. काळा धूर म्हणजे न जळालेले डिझेल, तुमच्याच खिशातून गेलेले. हवेची जाळी चोंदली असेल, फवारे झिजले असतील किंवा पंप जास्त सोडत असेल. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. पांढरा धूर थंडीत सुरुवातीला थोडा वेळ आला तर चालतो, पण कायम राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल तर लगेच तपासा.

पेट्रोलच्या मोटारीत आणि नव्या फटफटीत धूर धुण्याचा डबा असतो, त्यात प्लॅटिनमच्या जातीच्या मौल्यवान धातूंचा पातळ लेप असतो. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसे मिसळत. शिशाने हा लेप मरतो, म्हणून १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बिनशिशाचे पेट्रोल आले. हा डबा नीट चालायला पेट्रोल आणि हवेचे प्रमाण बरोबर लागते, वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा. ते प्रमाण इंजिनाचा संगणक सांभाळतो. प्लग खराब होऊन इंजिन मिस मारत असेल, तर तसेच दामटू नका. न जळालेले पेट्रोल डब्यात जाऊन पेटते आणि डबा आतून वितळतो. पन्नास-शंभराच्या प्लगसाठी हजारोंचे नुकसान होते.

पीयूसीचा दाखलाही ध्यानात असू द्या. नव्या गाडीला पहिले वर्ष तो लागत नाही. पुढे चौथ्या व सहाव्या टप्प्याच्या गाड्यांना तो वर्षातून एकदा आणि जुन्या गाड्यांना दर सहा महिन्यांनी काढावा लागतो. दाखल्यापुरता धूर मोजून घेण्यापेक्षा, आकडा मागच्या वेळेपेक्षा वाढला का हे विचारा. वाढला असेल, तर इंजिनात काहीतरी बिघडू लागले आहे हे तुम्हाला आधीच कळते.

बंधू-भगिनींनो, नव्या गाडीचा धूर कुठे जातो याचे उत्तर एवढेच, की त्यातला काही भाग इंजिनात बनूच दिला जात नाही, काही चाळणीत जळतो आणि काही युरियाच्या पाण्याने धुतला जातो. त्यासाठी थोडे डिझेल आणि थोडी देखभाल लागते. पुढच्या वेळी गाडी ओढत नाही असे वाटले, तर मिस्त्रीला "काय कापायचे?" असे विचारू नका. "काय तुंबले आहे?" असे विचारा. आणि सकाळी गाडी सुरू करण्याआधी ओट्यावरची पोरे जरा बाजूला घ्या.